तलवारी रोज खपतात, सिल्व्हर मात्र वाढत नाही: क्राफ्ट केलेल्या मालाचा भाव कुठे चुकतो

तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते. पुण्यातला खेळाडू, अल्बियन ऑनलाइन या गेमच्या आशिया सर्व्हरवर, लिमहर्स्ट शहरात तलवारी बनवतो. माल दोन दिवसांत खपतो, विक्रीचे निरोप मेलबॉक्समध्ये येत राहतात, आणि रविवारी सिल्व्हरची (गेममधल्या पैशाची) शिल्लक बघावी तर गेल्या रविवारी होती तेवढीच, नाहीतर चार पैसे कमीच. मग कोणी बॉट्सना शिव्या घालतो, कोणी टिअर (मालाची श्रेणी) बदलतो, कोणी शहर. आठवड्याने पुन्हा तेच.

दोष सहसा शहराचा नसतो. तलवार आपल्याला कितीला पडली हे माहीत नसतं आणि भाव मात्र शेजाऱ्याचा बघून, त्यात एक सिल्व्हर कमी करून लावलेला असतो. कसब्यातल्या तांबट आळीत भांड्याचा भाव विचारला की तांब्याचं वजन वेगळं सांगतात आणि मजुरी वेगळी. लक्ष्मी रोडवर सराफ सोनं आणि घडणावळ वेगळी मांडतो. गेममध्येही आधी तीच फोड करायची. ती एकदा नीट केली की खालच्यापैकी नेमका कोणता रोग आहे ते आपोआप दिसतं.

एक तलवार कितीला पडते

पाचव्या टिअरची साधी ब्रॉडस्वोर्ड घेऊ. कृती ठरलेली: १६ टायटॅनियम स्टील बार आणि ८ क्युअर्ड लेदर. बाजारभाव रोज हलतो, म्हणून हिशेबाला सोयीचे आकडे धरतो: बार ९००, लेदर ८५०. स्वतःचा हिशेब करताना त्या दिवशीचे भाव टाका.

बार १४,४००, लेदर ६,८००, एकूण माल २१,२०० सिल्व्हरचा.

आता परतावा, म्हणजे रिटर्न रेट. सोनाराकडे घट कापतात. इथे उलटं, बनवल्यावर थोडा माल परत मिळतो. लिमहर्स्टला तलवारीचा बोनस आहे, म्हणून फोकस (खात्यात रोज साठणारे, परतावा वाढवणारे गुण) न वापरता २४.८ टक्के. बोनस नसलेल्या राजशहरात १५.२. इथेच पहिला घोळ होतो: शहराचा मूळ बोनस १८ आणि तलवारीचा १५, बेरीज ३३, म्हणून ३३ टक्के माल परत येणार असं लोक धरतात. तो ३३ उत्पादनाचा बोनस आहे, परताव्याचा नाही. परतावा असा काढायचा: १ − (१ ÷ १.३३) = ०.२४८. फोकस टाकला की बेरजेत आणखी ५९ येतात, ९२ होतात, आणि त्याच सूत्राने ४७.९ टक्के मिळतात.

२१,२०० × ०.७५२ = १५,९४२. एवढा माल खऱ्या अर्थाने खर्ची पडला.

मग स्टेशनची, म्हणजे तलवार जिथे बनते त्या दुकानाची फी. पाटीवर ५०० दिसतं म्हणून तलवारीमागे ५०० असं कोणी धरतो, कोणी ती फी सरळ विसरतो. ती फी १०० न्यूट्रिशनमागे असते; न्यूट्रिशन म्हणजे माल बनवताना स्टेशनचं खर्च होणारं खाद्य. पाचव्या टिअरच्या साध्या बार-लेदरला नगामागे ३२ आयटम व्हॅल्यू (गेमने ठरवलेलं मोल). २४ नग म्हणजे ७६८. त्याला ०.११२५ ने गुणलं की ८६.४ न्यूट्रिशन. ५०० च्या पाटीवर फी ४३२ सिल्व्हर. त्याच चौकातल्या ९०० च्या दुकानात ७७८. दहा पावलं चालायचा कंटाळा केला की तलवारीमागे ३४६ गेले. एन्चांटमेंट (त्याच टिअरमधली वरची जात) एक पायरी वर गेली, म्हणजे ५.१ झाली, की आयटम व्हॅल्यू दुप्पट आणि फीही दुप्पट, हे लक्षात असू द्या.

१५,९४२ + ४३२ = १६,३७४. तलवार एवढ्याला पडली.

राहिली अडत. मार्केट यार्डात माल उतरला की हमाली, तोलाई यांची खाती वेगवेगळी, तसंच इथे. सेल ऑर्डर लावताना, म्हणजे आपला भाव लावून माल बाजारात ठेवताना, २.५ टक्के सेटअप फी, विकल्यावर खात्याला प्रीमियम सदस्यत्व असेल तर ४ टक्के कर, नसेल तर ८. म्हणजे एकूण ६.५ किंवा १०.५ टक्के. फी अपडेटबरोबर बदलू शकते; ऑर्डर लावताना खिडकीत दिसते तीच खरी.

१६,३७४ ÷ ०.९३५ = १७,५१३ (प्रीमियम)
१६,३७४ ÷ ०.८९५ = १८,२९५ (प्रीमियम नसताना)

हा आपला उंबरा. याच्याखाली सेल ऑर्डर लावली की दर तलवारीला पदरचे घालताय.

लक्षण: वहीत नफा, पेटीत तोटा

बाजारात सर्वात खालची तलवार १७,३०० ला आहे. आपल्याला १६,३७४ ला पडली, ९२६ सुटले, असं समजून ऑर्डर लागते. हातात येतात १७,३०० × ०.९३५ = १६,१७६. तोटा १९८. शंभर तलवारी म्हणजे जवळपास वीस हजार, आणि निरोप सगळे ‘विक्री झाली’ असेच.

कर लक्षात ठेवणारेही एक चूक करतात: भागण्याऐवजी गुणतात. १६,३७४ × १.०६५ = १७,४३८. पण कर कापला जातो तो विक्रीच्या रकमेतून, खर्चातून नाही. १७,४३८ ला विकून हातात १६,३०५ येतात, म्हणजे ६९ ने खालीच. नफा जिथे पाचशे-हजारात असतो तिथे हे ६९ चांगलेच जाणवतात.

तिसरी गळती खरेदीच्या बाजूला. बार आणि लेदर बाय ऑर्डर (आपला खरेदीभाव लावून विकणाऱ्याची वाट बघणं) लावून घेतले तर तिथेही २.५ टक्के सेटअप फी जाते. मग माल २१,२०० चा नाही, २१,७३० चा. पूर्ण हिशेब पुन्हा केला की उंबरा १७,५१३ वरून १७,९३९ वर जातो. बाय ऑर्डर वाईट असं नाही. भाव अडीच टक्क्यांहून जास्त खाली मिळत असेल तरच तिचा उपयोग, एवढंच.

लक्षण: ‘वरच्या तीन तलवारी फुकट पडल्या’

१६० बार आणि ८० लेदर घेऊन दहा तलवारी बनवल्या, सुमारे ४० बार आणि २० लेदर परत आले, त्यात आणखी दोन-तीन झाल्या, उरलेल्यातून पुढे. शेवटपर्यंत गेलं तर १० × १.३३, म्हणजे तेरा तलवारी आणि थोडा माल. इथवर ठीक.

घोळ असा: पहिल्या दहांची किंमत काढताना परतावा आधीच वजा केलेला असतो (१६,३७४ हा आकडा तसाच आलाय), आणि वरच्या तीन पुन्हा ‘फुकट’ म्हणून बाजारात स्वस्तात सोडल्या जातात. एकच परतावा दोनदा मोजला. दोन पद्धतींपैकी एकच धरा. एक तर प्रत्येक तलवार १६,३७४ ला पडली असं समजा, तेराव्या तलवारीसकट. नाहीतर पूर्ण २,१२,००० माल आणि तेरा तलवारींची स्टेशन फी मांडून तेराने भागा आणि उरलेला माल वजा करा. दोन्हीकडून उत्तर जवळपास सारखंच येतं. फार फरक आला तर कुठेतरी दुहेरी मोजणी आहे.

परतावा अख्ख्या नगांत येतो, म्हणून एक-दोन तलवारी बनवून टक्केवारी पडताळू नका. निदान दहाचा घाणा घ्या. आणि आर्टिफॅक्ट, म्हणजे एखादा खास जास्तीचा भाग, लागणारं शस्त्र असेल तर तो आर्टिफॅक्ट परताव्यात धरू नका, तो कधीच परत येत नाही. तो ३०,००० चा असला तर पुरते ३०,००० खर्चात.

लक्षण: स्वतः खोदून आणलंय, मग खर्च कसला?

सर्वात चिवट रोग हाच, आणि समजावून सांगितला तर लोक चिडतात. ओअर स्वतः खोदला, बार स्वतः गाळले, म्हणून बार शून्याचे. मग तलवार १२,००० ला सोडली तरी हातात येणाऱ्या ११,२२० मधून लेदर आणि स्टेशनचे ५,५४६ वजा जाऊन ५,६७४ ‘निव्वळ नफा’ दिसतो.

तेच बार बाजारात ठेवले असते तर? एक बार ९०० ला विकून हातात ८४१.५. परतावा धरून एका तलवारीत बारा बार खर्ची पडतात, त्यांचे सुमारे १०,१२५ आले असते. म्हणजे हातोडा चालवायचे कष्ट घेऊन ४,४५१ सिल्व्हर घालवले. ज्याने तलवार घेतली त्याने ती मोडीच्या भावात घेतली.

घरच्या मालाची किंमत शून्य नाही आणि बाजारातला खरेदीभावही नाही. आत्ता विकला तर कर-फी जाऊन हातात काय पडेल, ती. वरच्या उदाहरणात ९०० नव्हे, ८४१.५. हा फरक मात्र खरोखर तुमचा आहे, कारण घरचा बार वापरला की विक्रीची फी वाचते. घाईत थेट बाय ऑर्डरवर बार विकणार असाल तर सेटअप फी नाही, फक्त कर. मग त्या बाय ऑर्डरच्या भावाचे ९६ टक्के धरा.

लक्षण: बाजारभाव कायम आपल्या खर्चाखाली

हिशेब बरोबर, दुकान स्वस्तातलं, तरी १७,५१३ च्या उंबऱ्याला बाजार १५,००० वर बसलाय. विकणारे वेडे आहेत का? काही असतात. बाकीच्यांची कारणं आहेत.

एक, फोकस. ४७.९ टक्क्यांनी तीच तलवार ११,४७७ ला पडते आणि उंबरा १२,२७५ वर येतो. १५,००० ला विकणारा आरामात आहे. प्रीमियम खात्याला रोज १०,००० फोकस मिळतो आणि ३०,००० वर साठा थांबतो, त्यामुळे तीन दिवसांत वापरला नाही तर पुढचा वाया. साहजिकच लोक तो कशात तरी ओततात. त्यात एका वस्तूत स्पेक (त्या वस्तूतलं कसब) वाढवत नेलेल्याला फोकस लागतोच कमी: एफिशियन्सी दर १०,००० ने वाढली की खर्च निम्मा. त्याच्याशी भावात भिडायला जाऊ नका.

दोन, फेम, म्हणजे अनुभवाचे गुण. क्राफ्टिंगची पातळी चढवायला माल बनवला जातो आणि नंतर मिळेल त्या भावात फेकला जातो. खालच्या टिअरची हत्यारं, विशेषतः शिकाऊंची आवडती, म्हणूनच कायम तोट्यात दिसतात. त्यांना विक्रीचा तोटा ही शिकवणीची फी वाटते. तुमची शिकवणी संपली असेल तर तिथून निघा.

तीन, क्राफ्टिंग करताना भरणारी जर्नल्स, म्हणजे भरली की विकता येणाऱ्या वह्या. जो ती विकतो त्याची तलवार तेवढ्याने स्वस्त पडते. जर्नलचा भाव मांडल्याशिवाय तुलना अपुरी.

मग फोकस आपणही वापरावा का? वापरा, पण तोही फुकट धरू नका. फोकसमुळे वरच्या तलवारीत वाचतात २१,२०० × ०.२३१ = ४,८९७. तुमच्या स्पेकला एका तलवारीला समजा ४०० फोकस लागतो. एका फोकसला १२ सिल्व्हर मिळाले. आता थेटफर्डला ओअर गाळून बघा: तिथे ओअरचा बोनस असल्याने परतावा ३६.७ वरून फोकसने ५३.९ होतो. तोच भागाकार करा. तिथे १५ येत असतील तर फोकस बार गाळण्यात घाला आणि तलवारी बिनफोकसच्या बनवा, नाहीतर बनवूच नका, बार विका. लाकूड असेल तर फोर्ट स्टर्लिंग, कातडं मार्टलॉक, धागा लिमहर्स्ट, दगड ब्रिजवॉच. दर आठवड्याला हा एक भागाकार पुन्हा करायला दहा मिनिटं पुरतात.

लक्षण: सारखा कोणीतरी एक सिल्व्हरने खाली जातो

जाणारच. प्रश्न तुम्ही काय करता हा आहे. तलवार १८,५०० ला लावली, नफा ९२४ येणार आहे. कोणी १८,४९९ लावलं म्हणून ऑर्डर रद्द करून नवी लावली: सेटअप फीचे ४६२ पुन्हा गेले, आधीचे परत येत नाहीत. दुसऱ्यांदा तसंच केलं की ९२४ गेले. नफा संपला, तलवार अजून दुकानातच.

रद्द करण्याआधी खपाचा आलेख बघा. २४ तास, ७ दिवस आणि ४ आठवडे असे तीन पट्टे दिसतात. दिवसाला तीनशे तलवारी खपत असतील आणि तुमच्यापुढे चाळीसच नग असतील तर हात बांधून बसा, रात्रीतून नंबर लागेल. दिवसाला पाच खपत असतील आणि पुढे चाळीस असतील तर एक सिल्व्हरचा खेळ खेळून उपयोग नाही. थेट बाय ऑर्डरवर विकून मोकळे व्हा, कारण तिथे सेटअप फी नाही. त्या मार्गाचा उंबरा १६,३७४ ÷ ०.९६ = १७,०५६. हा दुसरा आकडाही पहिल्याशेजारी लिहून ठेवावा.

वेळही बघा. सर्व्हर सिंगापूरचा. तिथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच. हिंजवडीची बस सोडून, जेवून, नऊला कोणी लॉग-इन केलं तर तिथे साडेअकरा झालेले असतात आणि त्या पट्ट्यातल्या खेळाडूंची खरेदी बरीचशी उरकलेली असते. ऑर्डर सकाळी किंवा दुपारी मोबाइलवरून लावलेली बरी.

लक्षण: साइटवर एक भाव, बाजारात दुसरा

तीन गोष्टी याच क्रमाने तपासा. पहिली, सर्व्हर. अल्बियन ऑनलाइन डेटा प्रोजेक्टसारख्या सोयींमध्ये आशिया, अमेरिका आणि युरोपचे भाव वेगळे असतात. कोणाची तरी तयार शीट उचलली की ती भलत्याच सर्व्हरचे भाव खेचत असते. दुसरी, शिळेपणा. हे भाव खेळाडूंच्या संगणकावरून चढतात. ज्या शहरात आज कोणी ती वस्तू उघडून पाहिलीच नाही तिथला आकडा परवाचा असू शकतो. भावाशेजारची वेळ यूटीसीत असते, साडेपाच तास मिळवा. तिसरी, क्वालिटी. सगळ्यात वरच्या ओळीतला भाव साध्या तलवारीचा की एक्सलंटचा हे न बघता लोक तोच भाव लावतात.

लक्षण: कार्लियनला चांगला भाव, पण महिन्याच्या शेवटी काहीच नाही

कार्लियन शहरातलं ब्लॅक मार्केट घडवलेला माल घेतं आणि तो पुढे राक्षसांच्या लुटीतून बाहेर पडतो. त्यामुळे तिथे मागणी असते आणि भाव अनेकदा चढा. पण कार्लियनभोवती रेड झोन, मेलात तर माल गेला. ती जोखीम भावात घाला. वीस खेपांत एक जाते असा तुमचा अनुभव असेल तर थेट विक्रीचा उंबरा १६,३७४ ÷ (०.९६ × ०.९५) = १७,९५४. दहात एक जात असेल तर ०.९५ च्या जागी ०.९०, उंबरा १८,९५१. खेपा मोजून लिहा. आठवणीवर विसंबलात की गेलेली खेप ‘ती एक सोडून’ होते. आणि गुरुवारी माल नेऊ नका. पुण्यात देखभालीसाठी वीज गेली की राउटर बंद, आणि तुमचं पात्र माल पाठीवर घेऊन रस्त्यात उभं.

दुसरा गेम असेल तर

सूत्र तेच, कापाकापी वेगळी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं ऑक्शन हाउस विक्रीतून ५ टक्के घेतं. ओल्ड स्कूल रुनस्केपच्या ग्रँड एक्स्चेंजवर २०२१ च्या शेवटी १ टक्का कर आला, २०२५ मध्ये तो २ झाला. तिथे अनुभवासाठी माल बनवण्याचा प्रकार इतका आहे की कच्च्या मालाहून तयार वस्तू स्वस्त असणं रोजचंच. मात्र हाय अल्केमीमुळे (वस्तूची ठरलेली नाणी करून देणारा मंत्र) तळ ठरतो: रून प्लेटबॉडीचे ३९,००० मिळतात, म्हणून नेचर रूनचा खर्च वजा जाता त्याच्या फार खाली तिचा भाव टिकत नाही. ईव्ह ऑनलाइनमध्ये ०.०१ ने खाली जायची लढाई २०२० मध्ये चार सार्थ अंकांच्या नियमाने मोडली. भाव खाली आणायचा तर ठसठशीत आणावा लागतो. आपण खोदलेलं खनिज फुकट समजण्याची खोड मात्र तिथेही तीच.

दुरुस्ती झाली का, ते तपासायचं असं

एक वस्तू, एक शहर, दहाचा घाणा. सुरू करण्याआधी खात्यातलं सिल्व्हर लिहा. त्या खात्यावर तेवढे दिवस दुसरं काही विकत घेऊ नका, हत्यारं-चिलखत दुरुस्तीचा खर्चही नको. दहाही विकल्यावर पुन्हा सिल्व्हर लिहा, परत आलेल्या बार-लेदरची हातात पडणारी किंमत त्यात मिळवा. वाढ तुमच्या सूत्राने सांगितलेल्या आकड्याच्या दोन-तीन टक्के आत असली तर सूत्र बरोबर, आता टिअर किंवा वस्तू बदलून बघा. त्याहून खाली असली तर आधी स्टेशनची पाटी बघा. दुकानदाराने मधल्यामध्ये फी वाढवलेली असते आणि ती कोणी वाचत नाही.